मु. पो. चोपडा

१ ऑक्टोबर, रात्री

आज दुपारी पोस्टमन नाना आले आणि सायकल उभी करण्याआधीच फाटकातून म्हणाले, “ताई, फिनलंडच्या बाईंचा गुडघा आता बरा आहे हो. जंगलात जायला लागल्या.” मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिले. नाना इंग्रजी सावकाश वाचतात, पण वाचतात. गेल्या कार्डात बाईंनी गुडघ्याच्या दुखण्याविषयी लिहिले होते, तेव्हापासून नानांना त्याची काळजी होती, आणि आमच्या घरी टपाल नसेल त्या दिवशीही ते गल्लीतून जाताना “काही कळलं का?” असे विचारून पुढे जात. आपले पत्र दुसऱ्याने वाचले म्हणून कोणाला रागही येईल. मला मात्र आज फार बरे वाटले. पाकिटातले पत्र दोघांचे असते, पोस्टकार्ड ज्यांच्या ज्यांच्या हातांतून जाते त्या सर्वांचे थोडेथोडे होत जाते, आणि त्यासाठीच मला ते इतके आवडते.

आजचा दिवसही पोस्टकार्डाचाच आहे. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातले पहिले टपाल कार्ड विक्रीस आले. त्याच वर्षाच्या आरंभी एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात लेख लिहून, थोडक्यात सांगण्याजोग्या निरोपासाठी स्वस्त आणि उघडे कार्ड असावे, अशी सूचना केली होती. पुढे दहा वर्षांनी, १ जुलै १८७९ रोजी, ते पाव आण्याला हिंदुस्थानात मिळू लागले. त्या पहिल्या कार्डांवर चित्र नव्हते. चित्राची कार्डे निघाल्यावरही पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मुभा बराच काळ नव्हती, त्यामुळे लोक चित्राच्या कडेला मिळेल त्या जागेत लिहीत. ब्रिटनने १९०२ साली पाठीमागच्या बाजूचे दोन भाग करून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी सोय केली, आणि तीच मांडणी आजही माझ्यासमोरच्या कार्डावर आहे.

हेरमान यांची थोडक्यात लिहिण्याची कल्पना आपल्याकडे आली खरी, पण आपल्या माणसांनी मायना काही सोडला नाही. “तीर्थरूप दादांचे चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष” एवढे लिहून होईपर्यंत कार्डाचा चौथा हिस्सा संपलेला असे. आजोबांच्या घरी दाराआड खुंटीला एक तार टांगलेली होती आणि आलेले प्रत्येक कार्ड वाचून झाले की तिला टोचले जाई. त्यांचे धाकटे भाऊ सुरतेला गिरणीत कामाला होते, त्यांची कार्डे त्यांत सर्वांत जास्त. आमची तापी पुढे वाहत जाऊन सुरतेजवळच समुद्राला मिळते, त्यामुळे लहानपणी मला वाटे की आपण लिहिलेली पत्रे नदीतूनच काकाआजोबांकडे जात असावीत. कोपरा फाडलेले कार्ड मात्र त्या तारेवर कधीच गेले नाही. ते मृत्यूची बातमी घेऊन येई, आणि वाचून झाले की घरात ठेवत नसत.

आजीला अक्षरओळख नव्हती. शाळेतून येणाऱ्या एखाद्या पोराला ओट्यावर बसवून ती कार्ड वाचून घेई, त्या वेळी शेजारच्या दोन-तीन बायका आपोआप येऊन बसत आणि उत्तर लिहिताना प्रत्येकीला आपला नमस्कार त्यात हवा असे. जागा संपली की कार्ड आडवे फिरवायचे, मग उलटे, आणि शेवटी पत्त्याच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीत “गंगूबाईचा आशीर्वाद” कसाबसा बसवायचा. ती चारही बाजूंनी भरलेली कार्डे आठवली की आजही माझे मन भरून येते.

परदेशी कार्डांची गोडी मला पोस्टक्रॉसिंगमुळे लागली. पोर्तुगालमधल्या एका तरुणाने २००५ साली सुरू केलेल्या या उपक्रमाची रीत सुंदर आहे. आपण पत्ता मागितला की जगातल्या कोणा अनोळखी व्यक्तीचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहून कार्ड टाकायचे, आणि ते पोहोचल्याची नोंद तिकडे झाली की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाला दिला जातो. आपण ज्याला पाठवले त्याच्याकडून परतफेड येत नाही, येते ती भलतीकडून. कधी तैवानच्या विद्यार्थिनीकडून, कधी जर्मनीतल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडून. माझ्या फिनलंडच्या बाई, ज्या पूर्वी ग्रंथपाल होत्या, अशाच एका कार्डातून आल्या, आणि मी उपक्रमाबाहेर त्यांना उत्तर लिहिले म्हणून ही मैत्री टिकली.

पहिली अडचण आली ती चित्राची. अजिंठ्याची कार्डे मिळतात, पण चोपड्याचे कार्ड कोण छापणार? प्रवासी जिथे येत नाहीत त्या गावांचे चित्र दुकानात विकायला नसते. म्हणून मी स्वतःच फोटो काढू लागले, ते सहा बाय चारच्या आकारात धुऊन घेऊन जाड कार्डशीटवर चिकटवू लागले आणि मागे मधोमध रेघ ओढू लागले. त्यासाठी मला माझाच तालुका नव्याने पाहावा लागला. केळीच्या बागेत घड कापून झाल्यावर बांधावर रचलेले कंद, वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेली बैलगाडी, उत्तरेला पावसाळ्यानंतर हिरवा-निळा दिसणारा सातपुडा, भरितासाठी काडीवर भाजली जाणारी वांगी. हे सगळे मी रोज पाहत होते, पण ज्याने ते कधीच पाहिलेले नाही त्याला पाच ओळींत सांगायचे ठरवले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की काडी म्हणजे तुरकाठी किंवा कपाशीची पऱ्हाटी, आणि तिच्या धुराशिवाय भरिताला चव नाही, ही मुळात सांगण्यासारखी गोष्ट आहे.

एकदा मी उनपदेवचे कार्ड पाठवले. अडावदजवळ डोंगराच्या पायथ्याशी दगडी गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडते, असे मागे लिहिले होते. बाईंचे उत्तर आले की त्यांच्याकडे बाहेर बर्फ असताना माणसे सौनात, म्हणजे लाकडाच्या तापलेल्या खोलीत, घाम येईपर्यंत बसतात, तेव्हा तुमचे गोमुख आम्हांला चांगलेच मानवेल. मी कळवले की मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि अख्खा खानदेशच सौना होतो. त्यावर त्यांनी मोठे उद्गारचिन्ह काढून पाठवले.

त्यांच्या देशात कोणाच्याही मालकीच्या जंगलात जाऊन रानफळे तोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे त्यांनी लिहिले तेव्हा मी ते आजीला वाचून दाखवले. आजी आता नव्वदीच्या पुढे आहे. ती बराच वेळ कार्डावरच्या निळ्या फळांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “दुसराना रानमा जाईसन तोडतस? कोनी काही बोलत नही का व माय?” तिचा हा प्रश्न मी पुढच्या कार्डात जसाच्या तसा, अहिराणीत, देवनागरीत लिहून खाली अर्थ दिला. बाईंनी ती अक्षरे बोटाने गिरवून पाहिली म्हणे. त्यानंतरच्या कार्डावर माझा पत्ता इंग्रजीबरोबर देवनागरीतही होता, एकेक अक्षर चित्रासारखे काढलेले, शिरोरेघ थोडी थरथरती, आणि “महाराष्ट्र” मधल्या “ष्ट्र” चे त्यांनी फुलपाखरू केलेले. नानांनी ते पोस्टातल्या सर्वांना दाखवले.

त्याही पत्त्यात ४२५ ने सुरू होणारे सहा आकडे अचूक होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. ते संस्कृतचे पंडित आणि कवी होते, हे मला फार आवडते. एकाच नावाची कितीतरी गावे आणि पत्ते लिहिण्याच्या कितीतरी लिप्या असलेल्या या देशात, टपाल निवडणाऱ्याला गावाचे नाव वाचता आले नाही तरी पत्र वाट चुकू नये, याची सोय त्यांनी केली.

तरीही वाट चुकते. २०२० च्या फेब्रुवारीत मी टाकलेले एक कार्ड, विमाने थांबल्यामुळे, सप्टेंबरात पोहोचले. त्यात मी होळीला या वर्षी कोणती गाणी म्हणणार ते लिहिले होते. दोन कार्डे तर कधीच पोहोचली नाहीत, आणि मला त्यांचे अजून वाईट वाटते, कारण एकावर आईच्या हातची रांगोळी होती.

माझ्याजवळ आता दोनशेच्या वर कार्डे झाली आहेत. संग्रह करणारे काहीजण ती प्लास्टिकच्या कप्प्यांत, देशांनुसार लावून ठेवतात. तसे करून पाहिले, मन रमले नाही. कोरी, न वापरलेली कार्डेही मी घेत नाही. ज्यावर तिकीट नाही, शिक्का नाही, पावसाचा एखादा थेंब पडून शाई पसरलेली नाही, ते कार्ड मला मुके वाटते. टोचायला जीव होत नाही म्हणून आजोबांच्या तारेऐवजी दोरी बांधून चिमट्यांनी कार्डे अडकवली आहेत, आणि येणारे-जाणारे ती उलटून वाचतात. देशातल्या मैत्रिणींसाठी अजून ५० पैशांचेच कार्ड वापरते, फक्त सुट्टे ५० पैसे कोणाकडे नसतात म्हणून जोडीने घ्यावे लागते.

आता फिनलंडचे उत्तर लिहून होत आले आहे. या वेळी चित्र आहे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीचे, श्रावणात मीच काढलेले. गुडघा बरा झाल्याचा आनंद लिहिला, केळीचा भाव लिहिला, आजीने निळ्या फळांचे लोणचे घालतात का ते विचारायला सांगितले, तेही लिहिले. खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे. मघाशी निघताना नाना फाटकाशी घुटमळले आणि म्हणाले, “आमचाही नमस्कार लिहा ना बाईंना.” उद्या ते आले की पेन त्यांच्याच हाती देईन. दोन ओळी पुरल्या नाहीत, तर कार्ड आडवे फिरवता येईल.