अँटवर्प ते येळ्ळूर: उन्हातल्या सरावाचा एक दिवस

पहाटे साडेपाचला आत्यानं उठवलं तेव्हा माझे दोघे बेल्जियन मित्र आधीच अंगणात बूट बांधत बसले होते. जानेवारीतली पहाट, अंगात पातळ जॅकेट लागेल इतपतच गारवा. त्यांना तोच उबदार वाटत होता. अँटवर्पला या दिवसांत सूर्य उगवायला पावणेनऊ होतात. फुटपाथवर कधीकधी बर्फ धरलेला असतो, तिथं वेगाचा सराव करायचा म्हणजे पाय मोडून घ्यायची भीती. म्हणून तिकडचे धावपटू हिवाळ्यात पोर्तुगाल नाहीतर कॅनरी बेटं गाठतात. यंदा मी म्हटलं, माझ्या गावाकडं चला. बेळगावपासून जवळ, येळ्ळूरला आत्याचं घर आहे, समोर राजहंसगड आहे, आणि ऊन हवं तेवढं.

सकाळची फेरी १८ किलोमीटरची. भात काढून झालेल्या शेतांत मसूर आणि हरभरा उभा होता, बांधावरच्या मातीचा ओला वास येत होता. बासमतीचं हे शिवार. लहानपणी याच बांधांवरून शाळेला पळत गेलो, तेव्हा पळण्याला सराव म्हणतात हे माहीत नव्हतं. गडाच्या चढावर तिघांचंही बोलणं बंद झालं. वर सिद्धेश्वराच्या देवळापाशी थांबून पाणी प्यायलो, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापुढं हात जोडले. मित्रांनीही जोडले, कुणी सांगितलं नव्हतं. खाली बेळगावकडचा सगळा पट्टा धुक्यातून उघडत होता.

उतरताना रस्त्यावर भरतीची पोरं भेटली. आमच्या भागात पहाटे पळणारं पोर दिसलं की ते बहुधा फौजेसाठीच पळत असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, घराघरातून कुणीतरी फौजेत गेलेलं असतं. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळलं तर पूर्ण गुण, हे इथल्या आठवीच्या पोरालाही पाठ असतं. त्यातल्या एकानं माझ्या मित्राच्या घड्याळाकडं बघून विचारलं, "आमचा टाइम घेशीला काय?" संध्याकाळचं ठरलं.

दुपारचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी त्याबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडं उन्हात पळणं म्हणजे नुसता हट्ट समजतात. साडेबाराला, तीस अंशांच्या आसपास, चाळीस मिनिटं अगदी सावकाश पळायचं. पहिल्या दिवशी मित्राचे हृदयाचे ठोके १६८ वर गेले होते. आज नवव्या दिवशी तोच वेग, तोच रस्ता, आणि ठोके १५२. उन्हाची सवय होताना शरीर पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढवतं. त्यामुळं हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पूर्ण सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाई केली तर उष्माघात होऊ शकतो, म्हणून पहिल्या दिवशी वीसच मिनिटं पळालो होतो. घामातून किती पाणी गेलं ते कळावं म्हणून पळण्याआधी आणि नंतर वजन करतो. आज मी सव्वा किलोनं उतरलो होतो.

आत्यानं मीठ घातलेलं ताक तांब्यानं पुढं केलं. "इतकं पळून जायाचं कुटं हाय गा तुमास्नी?" मी हसलो, पण मित्रांना ते वाक्य भाषांतर करून सांगितलं. मग जेवण: भात, आमटी, ज्वारीची भाकरी, खर्डा. जेवणानंतर दोन तास झोप. ती कुणी चुकवत नाही.

उठल्यावर पडवीत बसून मी त्यांना फडेप्पा चौगुल्यांबद्दल सांगितलं. बेळगावचा हा धावपटू १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाला. पावसात, ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा. दोघंही अँटवर्पचेच, क्लबात वाढलेले, आणि त्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मोठा मित्र बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इथल्या उन्हातून आमच्या पावसात." मला आठ वर्षं त्या शहरात पळताना हेच वाटत आलंय, कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर घड्याळानं मोजून खडूची रेघ मारली. सहा पोरं, दोन अनवाणी. मित्र पुढं वेग धरून पळाला, मी घड्याळ घेऊन उभा. म्हशी घेऊन परतणारे रस्त्याकडंला थांबून ओरडू लागले. सकाळी विचारणारा तो पोरगा शेवटच्या दोनशे मीटरला मित्राच्या खांद्याला खांदा लावून आला आणि रेघेपुढं गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"किती?"

५ मिनिटं ३३ सेकंद.

त्यानं तोंड पुसलं, माझ्या हातातलं घड्याळ स्वतःकडं वळवून बघितलं. "उद्या किती वाजता येतासा?" मी साडेपाच म्हटलं. तो म्हणाला, पाचला या.