जानेवारीतले संमेलन आणि मिनीॲपोलिसच्या गिरण्या

परळ-लालबाग सोडून कळवा, खारेगाव आणि कोपरी परिसरात येऊन राहिलेल्या गिरणी कामगार कुटुंबांचे आमचे मंडळ दर जानेवारीत ठाण्यातील एका शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलन भरवते. मुंबईतील गिरण्यांचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या तारखेच्या जवळचा रविवार संमेलनासाठी धरला जातो. रविवारच का, असे एखाद्या मुलाने विचारले की ज्येष्ठांपैकी कोणीतरी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आवर्जून घेते, कारण त्यांच्या प्रयत्नांमुळेच १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांची नाचगाणी आणि पुरी-भाजी हे सारे ठरलेले असते. मला मात्र ओढ असते ती दुपारच्या बैठकीची, जिथे साचेखात्यातले (विणकामातले), कार्डिंगमधले (कापूस पिंजण्याच्या खात्यातले) आणि वाइंडिंगमधले (सूत गुंडाळण्याच्या खात्यातले) जुने सोबती शेजारी शेजारी बसून पाळ्यांच्या, भोंग्याच्या आणि बदली कामगार म्हणून काढलेल्या दिवसांच्या गोष्टी काढतात.

त्या बैठकांपैकी एक विशेष आठवते. एका जॉबरची (गिरणीतल्या मुकादमाची) नात शिक्षणासाठी अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे राहून आली होती आणि तिथल्या ‘मिल रुइन्स पार्क’ या नदीकाठच्या उद्यानाची छायाचित्रे तिने पडद्यावर दाखवली. कापसाच्या नव्हे, पिठाच्या गिरण्यांचे ते शहर. १८८० पासून पुढची सुमारे पन्नास वर्षे जगातील पीठ उत्पादनाची राजधानी म्हणून ते ओळखले जात असे. मिसिसिपी नदीवरील सेंट अँथनी धबधब्याचे पाणी कालव्याने गिरण्यांपर्यंत आणायचे, उभ्या विहिरीसारख्या खड्ड्यातून खाली सोडून त्यावर चक्रे फिरवायची आणि तळाच्या बोगद्यांतून ते पुन्हा नदीत सोडायचे, अशी तिथली रचना होती. गिरण्या गेल्यावर हे सारे मातीखाली बुजले होते. ते खणून काढून, दगडी भिंती आणि पाण्याच्या वाटा उघड्या ठेवून २००१ मध्ये हे उद्यान खुले झाले. जवळच्या १८८३ च्या दगडी कमानींच्या रेल्वेपुलावरून आता लोक पायी आणि सायकलने जातात. पाण्याच्या चक्रावरून दांडा, दांड्यावरून पट्टे आणि पट्ट्यांवरून यंत्रे, हे ती समजावू लागली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी हातानेच पट्टा चढवून दाखवला. ती थांबली आणि पुढचे त्यांनाच सांगू दिले, याचे मला आजही कौतुक वाटते.

मग तिने २ मे १८७८ ची हकिकत सांगितली. वॉशबर्न ए मिलमध्ये हवेत भरून राहिलेल्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात गिरणी उद्ध्वस्त होऊन अठरा कामगार मृत्युमुखी पडले. कापसाच्या धुळीने ज्यांची छाती आयुष्यभर भरली, त्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही. सभागृह शांत झाले आणि एका वृद्ध साचेवाल्यांनी विचारले, “पोरी, गेलेल्यांची नावं कुठं लिहिली आहेत का गं?” ती म्हणाली, “हो आजोबा. त्याच जागी पुन्हा गिरणी बांधली, तेव्हा आत मेलेल्या चौदा जणांची नावं तिथल्या दगडावर कोरली.” त्यांनी ती नावे वाचून दाखवायला सांगितली. परक्या भाषेतले एकेक नाव तिने सावकाश वाचले आणि प्रत्येक नावाला ते मान हलवत राहिले.

ही पुन्हा बांधलेली गिरणी १९६५ मध्ये बंद पडली, १९९१ मध्ये आगीत सापडली आणि तिच्या उरलेल्या भिंतींच्या आत २००३ मध्ये संग्रहालय उभे राहिले. तिथे मालवाहू लिफ्टमधून मजल्यामजल्यावर जाताना त्या गिरणीत काम केलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. आमच्या मंडळाला सर्वांत भिडले ते हेच. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे; पण यंत्रे जपता येतात तसे आवाज नंतर मिळवता येत नाहीत, हे त्या दुपारी सर्वांनाच पटले.

तेव्हापासून संमेलनात प्रत्येक खात्यातील माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते. वाइंडिंगमधल्या एका मावशींनी तुटलेल्या सुताची गाठ बोलता बोलता मारून दाखवली. गाठ मारतानाचे त्यांचे शब्द नातवंडे आता पाठ म्हणतात. सायझिंगखात्यातील (सुताला खळ देणाऱ्या खात्यातील) कोणी मात्र अद्याप मिळालेले नाही. कळवा, मुंब्रा किंवा वागळे इस्टेट भागात अशी कोणी व्यक्ती राहत असेल, तर पुढच्या संमेलनापूर्वी तिच्या घरच्यांनी मंडळाशी संपर्क साधावा. आम्ही मुद्रणाचे साहित्य घेऊन त्यांच्या घरीही येऊ.