भरती पाहून निघा

आज नवी मुंबईतल्या नेरूळच्या पाणथळीवर बरीच मंडळी ऐन ओहोटीला पोचली आणि रिकामा चिखल पाहून परतली. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे तर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघावं. ओहोटीला थवे ठाणे खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरतीने तो बुडाला की विसाव्याला नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांकडे येतात. म्हणून तळ्यावर भरतीच्या तासभर आधी पोचा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

ओळख चोचीवरून. गर्द लाल, लांबून काळीच भासणारी चोच म्हणजे छोटा रोहित. फिकट गुलाबी चोच, फक्त टोक काळं, तो मोठा. नुसत्या पिसांच्या रंगावर जाऊ नका. पिल्लं करडी असतात आणि तिथेच गफलत होते.

८x४२ ची दुर्बीण पुरे. सूर्य पाठीशी ठेवा. ड्रोन तर नकोच! थवा उठला की त्याचा विसावा गेला. आणि तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, तर पुढच्या हंगामात कितीही अचूक वेळ साधा, पक्षी येणार कशाला?