डायफ्राम पंपाचं किट घ्यायला मुंबईला निघालात? पंप घरी ठेवा

पंप बरोबर नेऊ नका. बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं डोक्यात राहावं म्हणून आधी लिहितो. नागदेवी स्ट्रीटवर, म्हणजे मशीद स्टेशनजवळच्या यंत्रसामानाच्या बाजारात, किट (पंपाचे झिजणारे सुटे भाग) घ्यायला जाताना पिशवीत जुना डायफ्राम (मागेपुढे हलून द्रव ढकलणारा पडदा), जुना बॉल, जुनी सीट (ज्यावर बॉल बसून वाट बंद करतो ती कडी) आणि मोबाइलमध्ये नेमप्लेटचा स्वच्छ फोटो, एवढंच पुरे. दोन इंची ॲल्युमिनियमचा पंप तीसेक किलो भरतो. त्या गल्लीत तीस किलोला हात लावणारा प्रत्येक माणूस पैसे घेतो, आणि दुकानदाराला कळतं की हा आता दुसरीकडे जाऊ शकत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत रेझिनच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. टोल्युइन, झायलीन असे पेट घेणारे सॉल्व्हंट ड्रममधून ओढायला आमच्याकडे हवेवर चालणारे डायफ्राम पंप आहेत. त्यातल्या एकाचा डायफ्राम फाटला आणि एक्झॉस्टमधून हवेबरोबर टोल्युइनचे फवारे यायला लागले. नागदेवीतल्या एका दुकानात फोन केला. उत्तर आलं, "पंप घेऊनच या भाऊ. मॉडेल बघून किट देतो, आपला फिटर लगेच बसवून देईल, दुपारी मोकळे." मी पंप घेऊन निघालो, आणि यातला एकही शब्द खरा निघाला नाही.

पंप न्यावा किंवा पाठवावा लागलाच, तर निघण्यापूर्वी तो नीट रिकामा करा. हवा बंद केली आणि ड्रमातून होज काढला म्हणजे पंप रिकामा झाला असं नाही. खालच्या बॉलवर दोन्ही चेंबरमध्ये द्रव अडकून राहतो. पंप उलटा करून निथळवा, मॅनिफोल्ड (दोन्ही चेंबरना जोडणारी नळी) सोडवा, बॉल बाहेर काढा आणि सावलीत, मोकळ्या हवेत वास जाईपर्यंत सुकू द्या. सॉल्व्हंट असलेली वस्तू गाडीत चढवणं 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि डब्यातल्या शेकडो लोकांच्या जिवाशी खेळ आहे. इथे कुठलीही सूट घेऊ नका.

तुतारी एक्सप्रेसचा प्रवास छान झाला. दादरला उतरून सेंट्रलच्या धीम्या लोकलने मशीद स्टेशन गाठलं. एवढं वजन असेल तर मालडबाच धरा आणि गर्दी सुरू व्हायच्या आत धरा. मात्र लवकर पोहोचून उपयोग नाही, साडेदहाच्या आधी शटर वर जात नाहीत. रविवारी बाजार बंद.

आता तो टप्पा, ज्याने माझा दिवस खाल्ला. मशीद स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, मोहम्मद अली रोड ओलांडायचा आणि आत नागदेवीत शिरायचं. रिकाम्या हाताने जेमतेम दहा मिनिटं. हातगाडीचे तीनशे ठरले, तेवढे दिले. दुकानात पोहोचल्यावर मालक पंपाकडे न बघता म्हणाले, "फिटर आज आला नाही. साकीनाक्याला न्या, तिथे बसवून मिळेल." म्हणजे पुन्हा हातगाडी, मोहम्मद अली रोडपर्यंत अडीचशे. टेम्पोत चढवायचे वेगळे शंभर. टेम्पोवाल्याने बाराशे सांगितले, कुर्ला-अंधेरी रस्त्यावर कोंडीत अडकल्यावर उतरवताना पंधराशे मागितले, कारण म्हणे वेटिंग. हमालांबद्दल माझी तक्रार नाही. त्या उन्हात, त्या गर्दीत गाडी ओढणं सोपं नाही. राग आहे तो दुकानदारावर, ज्याने फिटर नाही हे माहीत असून पंप मागवला. भाडं ठरवताना "चढवणं, उतरवणं, वेटिंग सगळं धरून किती" हे एका वाक्यात विचारा आणि आकडा मोबाइलवर लिहून दाखवा.

भाड्यात जे गेलं ते गेलं. किटमध्ये जे झालं त्याने पुढे माणूस भाजला असता.

खोक्यावर "टेफ्लॉन किट" असं लिहिलं होतं. साडेनऊ हजार. आत दोन पांढरे डायफ्राम, चार काळे बॉल, चार सीट, ओ-रिंगा. मी विचारलं, बॉल रबराचे कसे? उत्तर: "चालतंय सगळ्याला, सगळे हेच नेतात." दुसरा प्रश्न, टेफ्लॉनच्या मागे लागणारा बॅकअप डायफ्राम कुठे? "त्याची गरज नसते."

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची हे दुकानात उभं राहून सांगता आलं पाहिजे. टेफ्लॉन रसायनाला दाद देत नाही, पण ते ताठ असतं, रबरासारखं लवचीक नसतं. बहुतेक पंपांत त्याच्या मागे रबराचा बॅकअप असतो आणि वाकण्याचा मार तो झेलतो. ज्या पंपाच्या रचनेत बॅकअप दिला आहे त्यात तो न लावता टेफ्लॉन चालवलं, तर त्याला घडी पडते आणि त्याच घडीवर ते चिरतं. बॉलची गोष्ट आणखी वाईट. टोल्युइनमध्ये नायट्राइल, निओप्रीन, ईपीडीएम ही तिन्ही रबरं फुगतात. व्हिटॉन हे महागडं रबर टोल्युइनला बऱ्यापैकी टिकतं, पण ॲसिटोन आणि एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटसमोर हात टेकतं. ॲसिटोनला उलट ईपीडीएम चालतं, आणि तेच ईपीडीएम तेलात खराब होतं. "सगळ्याला चालतं" असं रबर नाही. द्रवाला लागणारा प्रत्येक भाग, म्हणजे डायफ्राम, बॉल, सीट आणि ओ-रिंग, त्या द्रवासाठी वेगळा तपासायचा. चारातला एक चुकला तरी पंप अडतो.

किट घेऊन साकीनाक्याच्या गाळ्यात पोहोचलो. तिथले मिस्त्री आमच्या कारखान्याचं काम पूर्वीपासून करतात. त्यांनी बॉल हातात घेतला, नखाने दाबला आणि म्हणाले, "साहेब, आज बसवत नाही. रात्रभर टोल्युइनमध्ये ठेवू, सकाळी बोलू." काचेची झाकणाची बरणी घेतली, बॉलला व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी) लावून माप खडूने भिंतीवर लिहिलं, बॉल बुडवला आणि बरणी ठिणगीपासून लांब, खिडकीजवळ ठेवली. सकाळी बॉल चिमट्याने काढला. व्हर्नियरवर दोन मिलिमीटर वाढला होता आणि हातमोज्याला काळा, चिकट डाग पडला. हा बॉल पंपात असता तर पिंजऱ्यात अडकला असता, नाहीतर सीटवर चिकटून बसला असता. पंप नुसता हवा खात राहिला असता आणि सगळ्यांनी कॉम्प्रेसरला दोष दिला असता. ही चाचणी प्रत्येकाने करावी. खर्च शून्य.

तो बॉल घेऊन घाटकोपरपर्यंत मेट्रोने आणि पुढे लोकलने परत नागदेवी. पंप बरोबर नसल्यामुळे हा प्रवास सुखाचा होता आणि दुकानदाराशी बोलताना आवाजही वेगळा निघाला. बराच वेळ घासाघीस झाल्यावर पैसे परत मिळाले. टेफ्लॉनचे बॉल, सीट आणि बॅकअपसह डायफ्राम त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानात मिळाले, थोडे महाग. बिलावर प्रत्येक भागासमोर मटेरियल लिहून घेतलं. "किट, एक नग" एवढंच लिहिलेलं बिल कधीही घेऊ नका, परत करताना ते कागदाचा तुकडा ठरतं.

बसवण्याचं फार लिहीत नाही, ज्यांना हे वाचायची गरज आहे त्यांनी पंप उघडलेला असतोच. दोनच गोष्टी. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, अंदाजाने नाही. आणि शाफ्टला, एअर व्हॉल्व्हला कंपनीने सांगितलेलंच ग्रीस लावा. आजचे बरेच पंप तेलाशिवाय चालण्यासाठी बनवलेले असतात. एफआरएलमधून (हवेच्या लाइनवरचा फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा भाग) तेल टिपकत ठेवलं तर ते आतलं ग्रीस धुऊन नेतं.

खरा धडा हवेने दिला. गाळ्यातल्या कॉम्प्रेसरवर पंप जोडला. मुंबईत पावसाळ्याचे दिवस, हवा ओलीचिंब. सुरुवातीला पंप झकास चालला, मग हळू, आणखी हळू, शेवटी गप्प. मफलरवर, म्हणजे एक्झॉस्टच्या सायलेन्सरवर, पांढरा बर्फाचा थर! बाहेर घाम गाळणारी हवा आणि इथे बर्फ. दाबलेली हवा एक्झॉस्टमधून एकदम सुटते, पसरते आणि गार पडते. तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं आणि वाट बंद करतं. शेजारचा मुलगा हातोडी घेऊन आला, त्याला थांबवलं. हवा बंद करून रिसिव्हरचा (कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचा) ड्रेन उघडला, तर बादलीभर गढूळ पाणी निघालं. फिल्टरचा बाऊलही काठोकाठ. ते काढलं, प्रेशर सहा बारवरून साडेतीनवर आणलं, आणि पंप पुन्हा लागला. पावसाळ्यात रिसिव्हर रोज रिकामा करा, शक्य असेल तर ड्रायर बसवा. प्रेशर कामापुरतंच ठेवा. नेमप्लेटवर सात किंवा साडेआठ बार लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा, चालवायचा आकडा नव्हे. या पंपात जेवढं हवेचं प्रेशर, साधारण तेवढंच द्रवाचं. ड्रम भरायला दोन-तीन बार पुष्कळ झाले. कोरडा असताना टेफ्लॉनचा डायफ्राम रबरापेक्षा कमी ओढतो, म्हणून पंप ड्रमच्या जितका जवळ आणि खाली ठेवाल तितकं बरं.

अमेरिकेत जिम वाइल्डन यांनी 1955 मध्ये हा पंप काढला तेव्हापासून त्याची हीच खुबी आहे: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला तर पंप गुपचूप थांबतो, उघडला की चालू. मोटर नाही, जळायला काही नाही. पण याच गुणाने लोक फसतात. थांबलेला पंप म्हणजे बंद पंप असं समजून होज सोडतात आणि तोंडावर टोल्युइन घेतात. आत हवाही दाबलेली असते आणि द्रवही. आधी हवेचा व्हॉल्व्ह बंद, मग पंपातली हवा बाहेर, मग डिलिव्हरी उघडून द्रवाचं प्रेशर खाली, मग हवेची पाइप पूर्ण सोडवायची, आणि त्यानंतरच पाना लावायचा. चष्मा आणि हातमोजे याआधीच चढलेले असावेत.

गाळ्यात मी आणखी दोन गोष्टींवर अडून बसलो, तुम्हीही बसा. पहिली अर्थिंग. टोल्युइन पाइपमधून वाहताना स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीला गाळा पुरे पडत नाही. पंपाला अर्थ, देणाऱ्या ड्रमला अर्थ, घेणाऱ्या ड्रमला अर्थ, होज वीजवाहक. क्लॅम्प रंगावर लावू नका, रंग खरवडून धातूवर लावा आणि मल्टिमीटरने तपासा. मिस्त्रींनी हे न सांगता केलं, त्यांचं कौतुक. प्लास्टिकच्या ड्रममध्ये टोल्युइन ओतायला मी साफ नकार दिला.

दुसरी, एक्झॉस्ट. डायफ्राम कधीतरी फाटणार हे धरून चला. फाटला की द्रव मफलरमधून बाहेर येतो, म्हणजे बंद गाळ्यात थेट कामगाराच्या नाकाशी. एक्झॉस्टला पाइप लावून ती बाहेर, मोकळ्या आणि ठिणगी नसलेल्या जागी न्या. पाइप अरुंद नको, नाहीतर पंप पुन्हा गुदमरेल. घेणाऱ्या ड्रममध्ये विनाकारण बुडबुडे दिसायला लागले तर आधी सक्शनची गळती बघा. ती नसेल तर डायफ्राम गेला समजा आणि पंप लगेच थांबवा.

चाचणी झाल्यावर शेजारच्या गाळ्यातले एकजण आले: "पंप लागलाच आहे तर आमचा एमडीसीचा (मिथिलीन डायक्लोराइडचा) एक ड्रम मारून द्या ना." नाही म्हणजे नाही. एमडीसीसारखे क्लोरीनवाले सॉल्व्हंट बंद, प्रेशरखालच्या ॲल्युमिनियममध्ये गेले तर रासायनिक क्रिया होऊन पंप फुटू शकतो. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचा पंप लागतो. ते रागावून गेले. ही गोष्ट मी आता प्रत्येक ओळखीच्या गाळेवाल्याला सांगतो, कारण एमडीसी आणि टोल्युइनचे ड्रम एकाच भिंतीला लागून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले.

स्वच्छ हवा, योग्य मटेरियल आणि साडेतीन बारवर दोन्ही बाजूंची टक-टक एकसारखी लागली तेव्हा फार आनंद झाला. त्या आनंदात सांगतो, हा पंप नीट ठेवला तर छोट्या कारखान्यासाठी याहून चांगला पंप नाही. फक्त कॉम्प्रेसर बघून घ्या. दोन एचपीच्या कॉम्प्रेसरवर दोन इंची पंप चालवायच्या फंदात पडू नका, हवा पुरणार नाही.

परतीला पंप ट्रान्सपोर्टने टाकला. साकीनाक्याहून लोट्याला चारशे ऐंशी रुपये, दारात पोच. दोन्ही बाजूंनी हाच मार्ग धरा. पावतीवर "रिकामा, धुतलेला पंप" असं लिहून घ्या, नाहीतर वास घेऊन माल अडवतात. पंप लाइनवर लावल्यावर दुसऱ्या दिवशी हवा सोडून, थंड असताना सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या. टेफ्लॉन दाबाखाली पसरतं, बोल्ट सैल पडतात. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक बोल्टने पाव फेरा घेतला.