आठे समुंदर कोठे शे?

"भाऊ, आठे समुंदर कोठे शे?"

शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी शिडाची होडी ठेवली, तेव्हापासून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. सोयरे विचारतात, पुलावर मोटारसायकल थांबवून अनोळखी माणसंही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

शिडाला समुद्र लागत नाही, वारा लागतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून तापी मुलताईहून पश्चिमेला सुरतेकडे जाते. होळी झाली की दुपारचा पश्चिमेचा वारा नदीच्याच वाटेने वर चढतो. बॅरेजचं, म्हणजे नदीवरच्या दारांच्या बंधाऱ्याचं, पाणी तुंबलेलं असतं, त्याला ओढ अशी नाहीच. शीड उभारून पूर्वेला जायचं, वारा पडला की वल्हं मारत परत यायचं. येताना दंड भरून येतात, ते वेगळं.

सातवीच्या सहलीत मुरूडला तिकोनी शीड पहिल्यांदा पाहिलं आणि ते डोक्यात बसलं. हातात पैसे आले तोवर तिकडे इंजिनं आणि फायबरच्या होड्या आल्या होत्या. शेवटी रायगडातल्या एका खाडीच्या चिखलात अठरा फुटी सागवानी होडी सापडली. आमच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात जाणकार आधी घोड्याचे दात बघतो, तसा मी खिळा न् खिळा बघितला. गंजल्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडून मऊ होतं, सुरीचं टोक सहज आत जातं. सात फळ्यांत गेलं. पस्तीस हजारांना सौदा झाला. होडी शहादा तालुक्यात जाणार हे ऐकून मालक काका हसले आणि शिडाचा बांबू फुकट देऊन टाकला.

सुरतेहून नदीतूनच का नाही आणली, असंही एकाने विचारलं. मधे उकाईचं धरण आहे, 1972 पासून. ट्रकने आणली.

आमच्या सुताराने जन्मात होडी केली नव्हती, पण नांगर आणि बैलगाड्या केल्या होत्या. होडीची मोडलेली फासळी हातात घेऊन तो बराच वेळ तिच्या लाकडातल्या रेषा बघत बसला. मग म्हणाला, हे तासून वाकवलेलं नाही, झाडच वाकडं होतं. नाल्याकाठी तशीच वाकडी बाभूळ शोधली. रेषा वळणाबरोबर फिरली तरच फासळी टिकते, नांगराचंही तेच. फळ्यांसाठी गावातल्या पाडलेल्या माडीचं सागवान मिळालं, आणि फटींसाठी कापूस काय, घरचाच.

तिथेच मी माती खाल्ली. काम काढलं मे महिन्यात. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. फळ्या आकसून फटींत रुपया उभा राहत होता. कापसाची वात वळून बोथट पटाशीने मी ती ठासली, आणखी ठासली. वरून राळ आणि जवसाचं तेल कढवून भरलं. होडी पाण्यात घातली, थेंब आत येईना. पेढे वाटले. चौथ्या रात्री बंदुकीसारखा आवाज आला. लाकूड फुगलं होतं, कापसाने जागाच ठेवली नव्हती, तेव्हा फळीने नवी फासळी तोडली. सुतार एवढंच म्हणाला, "भो, गाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढावताना तरी मले इचारतस!"

दुसऱ्या खेपेला वात सैल भरली आणि बाकीचं काम पाण्यावर सोडलं. पावसाळ्यात बॅरेजची दारं उघडतात, म्हणून होडी काठावर, निंबाखाली. तिथे ती पुन्हा सुकते. मग दर फेब्रुवारीत मीच तिच्यात दगड भरून तिला काठाशी गुडघाभर पाण्यात बुडवतो. आठ दिवसांत फळ्या एकमेकींना भिडतात.

त्या आठ दिवसांत समुद्राचं कुणी विचारत नाही. पुलावरून हाक येते, "भाऊ, नाव बुडनी का?"

मी खालून हात हलवतो.