दिसलं तेवढंच काढा

आमच्या पाठ्यपुस्तकात वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी अशा दोन रंगीत आकृत्या शेजारी शेजारी होत्या. परीक्षेला हमखास येणाऱ्या, त्यामुळे नावांसकट पाठ. जीवशास्त्राच्या बाईंना मात्र त्या पाठांतराचं काडीचं कौतुक नव्हतं. प्रयोगशाळेत त्यांचा दंडक एकच : "दिसलं तेवढंच काढा."

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडिनचा थेंब टाकला की लांबट पेशींच्या रांगा दिसत. जाड कड ही सेल्युलोजची पेशीभित्तिका, आणि एका बाजूला रेललेला ठिपका म्हणजे केंद्रक. बस्स! काही जण काळ्या कडेचा हवेचा बुडबुडाच मन लावून काढत बसत, ते सोडा. पण हुशार मंडळी पुस्तकातली हरितलवकंही, म्हणजे उन्हाच्या मदतीनं साखर बनवणारे हिरवे कण, त्यात भरून मोकळी होत. बाई वही उचलून विचारत, "या पांढऱ्या पापुद्र्यात तुला हिरवं कुठे दिसलं रे?"

केंद्रक मध्यभागी का नाही, हा प्रश्नही त्यांचाच. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत एकच मोठी रिक्तिका, म्हणजे पाणीदार द्रवानं भरलेली पिशवी, बहुतेक जागा अडवते, कधी कधी 90 टक्क्यांपर्यंत. पेशीद्रव्य आणि केंद्रक मग भिंतीलगत सरकतात. कांद्यात ही रिक्तिका रंगहीन, म्हणून बाई रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाखालचा जांभळा पापुद्रा घ्यायला लावत. त्यावर मिठाचं पाणी सोडलं की आतला जांभळा रंग डोळ्यांदेखत आक्रसायचा. पाणी बाहेर जाऊन रिक्तिका लहान होई, प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण, भित्तिकेपासून सुटे, आणि भित्तिका मात्र जागची हलत नसे. प्रद्रव्यपटल आणि भित्तिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा पटलं. तहानलेलं रोप मान का टाकतं, तेही त्याच तासाला कळलं.

गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लूमध्ये पाहिल्या. भित्तिका नाही, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या, कुठे दुमडलेल्या. केंद्रक साधारण मधोमध.

बाकीची अंगकं, म्हणजे पेशीतले छोटे अवयव, आम्ही वेगळ्या पानावर, 'वाचलेलं' असं लिहून, तुटक रेषेनं काढायचो. प्रथिनं जुळवणारे रायबोझोम जेमतेम 25 नॅनोमीटरचे. साध्या सूक्ष्मदर्शकाला 200च्या खालचं वेगळं ओळखता येत नाही. पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या लयकारिकांची (लायसोसोम) गोष्ट तर गमतीची. 1955 साली ख्रिस्तियन द डुव्ह यांनी त्यांना नाव दिलं, ते उंदराच्या यकृतातल्या विकरांच्या (एन्झाइम) मोजमापावरून, डोळ्यांनी पाहून नव्हे. बाईंचा नियम त्यांना लावला असता तर पंचाईतच होती!

वनस्पतीत हरितलवक आणि प्राण्यात तंतुकणिका, अशी वाटणी अजूनही अनेकांच्या डोक्यात असते. मुळाच्या पेशीला ऊन कुठलं? पानात तयार झालेली साखर तिथे पोचते आणि तिच्यातली ऊर्जा तंतुकणिकाच मोकळी करतात. पानातल्या पेशीलाही त्या लागतातच.

हल्ली मी रक्ततपासणीच्या कामात आहे. समोर दिवसभर तांबड्या पेशी असतात, पुस्तकातल्या आकृतीशी अजिबात न जुळणाऱ्या. पक्व झाल्यावर त्यांत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. आतली जागा जवळजवळ सगळी हिमोग्लोबिनला दिलेली. साधारण 120 दिवस त्या ऑक्सिजन वाहून नेतात आणि स्वतः त्यातला वापरत नाहीत.