एनआयसीयूतला अलार्म आणि आमची लेक

आमची लेक २९व्या आठवड्यात झाली. ठाण्यातल्या एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत, नाकाला सीपॅप, म्हणजे हलक्या दाबाने हवा देणारी नळी. रात्री घरी पंप करून काढलेलं दूध सकाळी बर्फाच्या डब्यातून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घेऊन जायचो. पण धास्ती होती ती मॉनिटरची. तिची छाती हलायची थांबायची, सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरायचा, मागोमाग हृदयाचे ठोके मंदावायचे आणि अलार्म वाजायचा. सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिचा तळवा चोळायच्या, मान जराशी सरळ करायच्या. छाती पुन्हा हलू लागली की तक्त्यात वेळ लिहून ठेवायच्या. माझे पाय तोवर लटपटत असायचे.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जीव थोडा थाऱ्यावर आला. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, श्वास वाढवायला लावतो. दिवस न भरलेल्या बाळात ही यंत्रणाच कच्ची असते. ऑक्सिजन कमी पडला तर अशा बाळाचा श्वास क्षणभर वाढतो आणि मग उलट मंदावतो. तो २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याआधीच ठोके वा ऑक्सिजन घसरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात.

औषध कॅफीनचं. ऐकून सासूबाई दचकल्या, "एवढ्याशा जिवाला कॉफी?" मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन श्वासाला लगाम घालतं आणि कॅफीन त्यालाच अडवतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पहिला डोस मोठा, मग रोज थोडं थोडं. अलार्म खरंच कमी झाले.

मध्येच एकदा ते पुन्हा वाढले. जंतुसंसर्गाची पहिली खूण तीच असू शकते, म्हणून लगेच ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी, पाठवलं. साखर, सोडियम, कॅल्शियमही तपासलं. निघालं हिमोग्लोबिन कमी. रक्त चढवल्यावर ती सावरली. ज्यांचं बाळ आत आहे त्यांना कळकळीने सांगते, अलार्म अचानक वाढले तर रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांकडून समजून घ्या.

पुढे मी तिला कांगारू केअरमध्ये तासन्‌तास छातीशी धरून बसायचे. पोटातले दिवस धरून ३४ आठवडे उलटल्यावर कॅफीन बंद केलं, तरी लगेच घरी सोडलं नाही. नवजात बाळाच्या रक्तातून कॅफीन उतरायला कितीतरी दिवस लागतात. ते उतरल्यावरही श्वास थांबत नाही ना, हे बघायचं होतं. तो तक्ता कोरा राहिला, तेव्हाच डिस्चार्जच्या कागदावर सही झाली.